ध्वनीची संहिता आणि तिचा संपादक : यामाहा डीएक्स-७च्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : सिंथेसायझर, एफएम संश्लेषण, मिडी, ध्वनिसंपादन, पाठचिकित्सा

प्रस्तावना

वाद्याविषयी लिहिताना समीक्षकाची नजर साहजिकच त्याच्या घडणीकडे वळते. मिरजेचा तंबोरा असेल तर भोपळा, तबली, घोडी आणि जवारी यांचा विचार होतो. तबला असेल तर शाई आणि पुडी यांचा. या वाद्यांत ध्वनी आणि वस्तू यांची फारकत करता येत नाही. भोपळा बदलला की तंबोरा बदलला. सिंथेसायझर या वाद्याने ही समजूत मोडली. त्याची पेटी, पट्ट्या आणि आतील मंडले तीच राहतात आणि ध्वनी मात्र पूर्णतः वेगळा होतो, कारण ध्वनी तेथे वस्तूत नसून संख्यांच्या एका यादीत असतो. आपल्याकडील वाद्यवृंदांतील कीबोर्डवादक तिला 'टोन' म्हणतात, यामाहा कंपनी 'व्हॉइस' म्हणते आणि जुने सिंथेसायझरवादक 'पॅच' म्हणतात. नाव कोणतेही घेतले तरी ही यादी लिहिता येते, वाचता येते, पाठवता येते आणि तिची नक्कल करता येते. जे लिहिले आणि नकलले जाते त्याला संहिता म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

संगणकावर अशा संहिता हाताळणाऱ्या आज्ञावलींना १९८०च्या दशकापासून 'एडिटर-लायब्रेरियन' असे जोडनाव रूढ आहे. एकाच आज्ञावलीत संपादक आणि ग्रंथपाल अशा दोन भूमिका एकवटल्याचा दावा या नावात आहे. व्यापारी नावे फारशी गांभीर्याने घ्यायची नसतात हे खरे. तथापि येथे ते घेतले तर काही महत्त्वाचे हाती लागते. ग्रंथव्यवहारात संपादक आणि ग्रंथपाल यांच्यावर काही निश्चित जबाबदाऱ्या असतात. पाठ कोणाचा, कोठून आला, कोणी बदलला, याचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. ध्वनिसंपादनाच्या आज्ञावलींनी यांपैकी काय स्वीकारले आणि काय टाकून दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात यामाहा डीएक्स-७ या एका वाद्याच्या आधारे केला आहे. हे वाद्य निवडण्याचे कारण उघड आहे. त्याच्याइतकी संपादनसाधने क्वचितच दुसऱ्या एखाद्या सिंथेसायझरसाठी लिहिली गेली असतील आणि त्याच्या संहिता आजही वाचल्या जातात.

संख्यांची यादी कशी घडली

जॉन चौनिंग यांना १९६७मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकावर प्रयोग करताना एक गोष्ट आढळली. एका साध्या स्वराला दुसऱ्या स्वराने दिलेला कंप पुरेसा जलद केला की तो कंप म्हणून ऐकूच येत नाही. स्वराचा गुणच बदलतो आणि त्यात नवे उपस्वर निर्माण होतात. फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन अर्थात एफएम संश्लेषणाचे हे मूळ होय. चौनिंग यांचा निबंध १९७३मध्ये प्रसिद्ध झाला, स्टॅनफर्डला १९७७मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि यामाहाने परवाना घेऊन विकसित केलेल्या या तंत्रावरील डीएक्स-७ हे वाद्य १९८३मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी जोडणारी मिडी ही संकेतपद्धती अस्तित्वात आली. ध्वनी पूर्णपणे संख्यांत लिहिणारे वाद्य आणि संख्या वाहून नेणारी तार एकाच वेळी उपलब्ध व्हावी, हा योगायोग पुढील साऱ्या गोष्टींना कारणीभूत ठरला.

तत्पूर्वीची स्थिती वेगळी होती. मिनिमूगवर खुंट्या होत्या, स्मृती नव्हती. आवडलेला ध्वनी जपायचा तर छापील आकृतीवर खुंट्यांच्या जागा पेन्सिलीने खुणावाव्या लागत. १९७८च्या प्रॉफेट-५ने खुंट्यांची स्थिती वाद्याच्याच स्मृतीत ठेवण्याची सोय केली. खुंट्या मात्र तशाच राहिल्या, त्यामुळे ध्वनी घडवणारा हात आणि तो ऐकणारा कान यांतील अंतर तेथे फारसे वाढले नाही. डीएक्स-७ने खुंट्याच काढून टाकल्या. त्याच्या एका व्हॉइसची घडण १४५ मूल्यांनी ठरते आणि ही मूल्ये दाखवण्यासाठी वाद्यावर सोळा अक्षरांच्या दोन ओळींची चिमुकली पट्टी आहे. एका वेळी एकच मूल्य दिसते. सपाट बटणे दाबत, एक सरकपट्टी वरखाली करत वादकाने १४५ मूल्यांची ही इमारत किल्लीच्या भोकातून पाहावी, अशी ही रचना होती. संगणकीय संपादकाची गरज येथे निर्माण झाली, आणि ती खरी गरज होती हे आरंभीच मान्य करायला हवे.

पडदा काय दाखवतो

डीएक्स-७च्या सर्वांत परिचित ध्वनीचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. कारखान्यातून येणाऱ्या पहिल्या संचात अकराव्या क्रमांकावर 'ई. पियानो १' हा व्हॉइस आहे. १९८०च्या दशकातील संथ इंग्रजी गीतांत तो इतका वापरला गेला की नाव माहीत नसलेल्या श्रोत्यासही तो ओळखीचा वाटतो. डीएक्स-७मध्ये साधे स्वर निर्माण करणारे सहा घटक असतात. त्यांना ऑपरेटर म्हणतात. जो ऑपरेटर थेट ऐकू येतो तो कॅरियर. जो स्वतः ऐकू न येता दुसऱ्याचा गुण बदलतो तो मॉड्युलेटर. कोण कोणावर काम करणार याचे बत्तीस ठरीव साचे वाद्यात आहेत. 'ई. पियानो १' पाचव्या साच्यात रचलेला आहे. त्यात मॉड्युलेटर आणि कॅरियर यांच्या तीन स्वतंत्र जोड्या आहेत. एका जोडीतील मॉड्युलेटर मूळ स्वराच्या चौदापट कंपनसंख्येवर ठेवलेला आहे आणि त्याचा प्रभाव आघातानंतर झपाट्याने ओसरतो. कळ दाबताक्षणी ऐकू येणारा काचेसारखा किणकिणाट तो हाच. उरलेल्या जोड्या ध्वनीचे शरीर पुरवतात आणि त्यांच्यातील किंचित विस्वरता त्या शरीराला ऊब देते. चौदाच्या जागी अपूर्णांकी गुणोत्तर ठेवले तर हाच व्हॉइस पियानोपासून दूर जाऊन घंटेकडे झुकू लागतो.

हे सारे वाद्याच्या पट्टीवर पाहून समजणे अवघड आहे आणि संगणकाच्या पडद्यावर पाहून समजणे तुलनेने सोपे. सहाही ऑपरेटर शेजारीशेजारी दिसतात, साचा आकृतीत दिसतो, चार वेग आणि चार पातळ्या यांच्या आठ रुक्ष आकड्यांऐवजी चढउताराची रेघ दिसते. ती रेघ माऊसने ओढली की ध्वनी बदलतो. एफएम संश्लेषण हे केवळ अभियंत्यांचे शास्त्र आहे, हा समज दूर करण्यात या पडद्याचा वाटा मोठा आहे. डेक्स्ड ही आज विनामूल्य मिळणारी आज्ञावली पास्कल गोतिए यांनी मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिली. ती स्वतः डीएक्स-७प्रमाणे वाजते आणि खऱ्या डीएक्स-७चा संपादक म्हणूनही काम करते. एखाद्या महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवायचे असेल तर उपस्वर म्हणजे काय हे दाखवण्यास इतके स्वस्त साधन दुसरे सापडणे कठीण.

मात्र पडदा जे दाखवतो त्यात एक फसगतही आहे, आणि तिच्याविषयी फार थोडे बोलले जाते. चढउताराची रेघ ही प्रत्येक ऑपरेटरला सारखीच काढलेली असते. कॅरियरच्या बाबतीत ती रेघ ध्वनीचा मोठेपणा सांगते. मॉड्युलेटरच्या बाबतीत तीच रेघ ध्वनीची प्रखरता, म्हणजे उपस्वरांचा भरणा किती हे सांगते. दोन सर्वस्वी भिन्न अर्थांना एकच चित्रलिपी दिलेली आहे. नवशिका वाचक सहा रेघा पाहतो आणि त्या सहा आवाजांच्या आहेत असे समजतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ऑपरेटरची पातळी ० ते ९९ अशी मोजली जाते आणि पडद्यावर ती खुंटीच्या किंवा सरकपट्टीच्या रूपात दिसते. पट्टी मध्यावर आणली की डोळ्याला वाटते, जोर निम्मा झाला. वस्तुतः वरच्या टप्प्यात दर आठ अंकांमागे जोर साधारण निम्मा होतो. म्हणजे ९९वरून ९१वर येतानाच अर्धा जोर संपलेला असतो. ५०वर तो पूर्ण जोराच्या सुमारे सत्तराव्या भागावर आलेला असतो. सरकपट्टीचा खालचा अर्धा भाग मॉड्युलेटरसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतो आणि सारे नाट्य वरच्या काही अंकांत घडते. वाद्याच्या पट्टीवर नुसता आकडा दिसत असे. तो काही सांगत नसे, पण खोटेही सांगत नसे. चित्र मात्र न बोलता चुकीचे प्रमाण सांगते.

नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या एफएम-७ या २००१च्या आणि त्यानंतरच्या एफएम-८ या आज्ञावलींनी या अडचणीचा वेगळा मार्ग काढला. कोणता ऑपरेटर कोणावर किती प्रभाव टाकतो हे त्यांनी चौकटींच्या तक्त्यात आकड्यांनी मांडले. संबंध हाच मुख्य मानून केलेली ही मांडणी एफएमच्या स्वभावाला अधिक जवळची आहे. त्यासाठी मोजावी लागणारी किंमतही आहे. तक्त्यात केलेली मुक्त रचना डीएक्स-७च्या बत्तीस साच्यांत बसेलच असे नाही. जुना व्हॉइस तेथे वाचता येतो, पण त्यात मोकळेपणाने फेरफार केल्यावर तो मूळ वाद्याकडे परत नेता येत नाही. भाषांतर उत्तम झाले आणि मूळ भाषेत परतण्याची वाट बंद झाली, असा हा प्रकार आहे.

संपादकांतील यदृच्छेच्या सोयीचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. अनेक संपादकांत एका कळीसरशी मूल्यांची सरमिसळ करून नवे व्हॉइस निर्माण करण्याची सोय असते. दोन व्हॉइस निवडावेत, त्यांच्या दरम्यानची अपत्ये मागावीत आणि त्यांतून कानाला रुचेल ते ठेवावे. या सोयीची हेटाळणी करण्याची पद्धत आहे; ती रास्त नाही. एफएममध्ये लहानशा बदलाचा परिणाम आधी सांगता येत नाही, त्यामुळे शोध हा येथे पद्धतीचाच भाग आहे. तक्रार करायची तर ती अशी की, अशा रीतीने जन्मलेल्या व्हॉइसचे जनक कोण होते हे संपादक त्याच क्षणी विसरतो. दोन जुन्या व्हॉइसच्या मिश्रणातून तिसरा आला ही नोंद कोठेही राहत नाही.

ग्रंथपालाचे काम : भरणे

संपादनाच्या तुलनेत व्हॉइस वाद्यात 'भरणे' ही क्रिया यांत्रिक आणि म्हणून दुय्यम मानली जाते. तपशील पाहिला तर तसे म्हणता येत नाही. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. प्रत्येक बाइटला दहा बिट लागत असल्याने सेकंदाला ३,१२५ बाइट एवढा वेग पडतो. डीएक्स-७च्या स्मृतीत बत्तीस व्हॉइस असतात आणि ते सर्व एकत्र पाठवणारा संदेश ४,१०४ बाइटांचा असतो. त्याला साधारण सव्वा ते दीड सेकंद लागतो. आरंभी २४० हा आकडा 'हा संदेश एका विशिष्ट कंपनीच्या वाद्यासाठी आहे' असे जाहीर करतो, पुढचा ६७ हा यामाहाची ओळख देतो, मग बत्तीस व्हॉइसांचे ४,०९६ बाइट येतात, त्यामागून बेरजेची पडताळणी करणारा एक बाइट आणि शेवटी समाप्ती सांगणारा २४७. एकेकट्या व्हॉइसचा संदेश १६३ बाइटांचा असतो. तो कायम स्मृतीत न जाता तात्पुरत्या कप्प्यात बसतो आणि वादकाने हाताने साठवला तरच टिकतो.

या दोन संदेशांच्या स्वभावातील फरक मोठा आहे. एक व्हॉइस पाठवणे म्हणजे वाचून पाहण्यासाठी एक पान पुढे करणे. बत्तीसचा संच पाठवणे म्हणजे सव्वा सेकंदात कपाटातील सर्व पुस्तके काढून दुसरी लावणे. आधीची कोठे गेली हे कोणी विचारत नाही. वाद्यात स्मृतिरक्षणाची कळ आहे, ती बंद केल्याशिवाय हा संच आत घेतला जात नाही. कळ बंद केल्यावर मात्र जुने बत्तीस व्हॉइस पुसले जातात. आधी जुना संच संगणकावर घेऊन मगच नवा भरावा, ही साधी शिस्त ग्रंथपाल म्हणवणाऱ्या आज्ञावलीने आपणहून पाळायला हवी होती. बहुतेकांनी ती वापरणाऱ्याच्या दक्षतेवर सोडली. किती वादकांनी स्वतः घडवलेले ध्वनी दुसऱ्याचा संच भरताना गमावले असतील याची गणती होणे शक्य नाही. जे पुसले गेले त्याचा पुरावाही त्याबरोबर पुसला गेला.

याहून गंभीर प्रश्न संदेशात काय नसते याचा आहे. मूळ डीएक्स-७मध्ये स्वर वाकवण्याची कक्षा, मॉड्युलेशन चक्राचा परिणाम, कळ दाबून धरल्यावर होणारा बदल, फुंकरीने ध्वनी नियंत्रित करणाऱ्या जोडसाधनाची योजना या गोष्टी व्हॉइसचा भाग नाहीत. त्या वाद्याच्या सर्वसाधारण मांडणीत राहतात आणि बत्तीस व्हॉइसांच्या संचाबरोबर प्रवास करत नाहीत. ज्या कलावंताने फुंकरीवर फुलणारा बासरीसदृश ध्वनी रचला त्याची संहिता दुसऱ्या वाद्यात भरली की तो ध्वनी निश्चल, गुळगुळीत आणि निर्जीव ऐकू येण्याची शक्यता असते. ऐकणारा म्हणतो, व्हॉइस सामान्य आहे. वस्तुतः त्याने नाटकाची संहिता वाचलेली असते, रंगसूचना त्याच्यापर्यंत पोहोचलेल्याच नसतात. डीएक्स-७चा ध्वनी थंड आणि यांत्रिक असतो, हा समीक्षेत वारंवार केला जाणारा आरोप काही अंशी या गळतीचा परिणाम आहे, असे मानण्यास जागा आहे.

भरलेली संहिता कोण वाचतो यावरही ध्वनी अवलंबून असतो. १९८३च्या वाद्यातील मंडलांची अचूकता आजच्या मानाने मर्यादित होती आणि त्या मर्यादेतून येणारा खरखरीतपणा त्याच्या ध्वनीचा भाग होता. डेक्स्डमध्ये गणनेच्या पर्यायांत आधुनिक, स्वच्छ पद्धतीबरोबरच जुन्या वाद्याच्या मर्यादा पाळणारी पद्धतही दिलेली आहे. एकच फाइल, एकच कळ आणि दोन भिन्न ध्वनी असा अनुभव तेथे सहज घेता येतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने हा पर्याय लपवून न ठेवता वापरणाऱ्यापुढे ठेवला, यात संपादकीय विवेक आहे. पाठ एक असला तरी पठण एक नसते, याची ती कबुली होय.

संपादक गेले, संहिता राहिल्या

या आज्ञावलींचा इतिहास ज्या वळणाने गेला त्यातून एक विपरीत सत्य पुढे येते. डेव्ह ओपनहाइम यांनी १९८५मध्ये स्थापन केलेल्या ओपकोड या अमेरिकी कंपनीने मॅकिंटॉशसाठी ध्वनिसंग्रहाच्या आज्ञावली आणल्या. पुढे तिची गॅलक्सी ही आज्ञावली अनेक कंपन्यांच्या वाद्यांची भाषा जाणू लागली. त्याच सुमारास अटारी एसटी या संगणकात मिडीची खोबणी अंगचीच आली आणि युरोपातील संगीतकारांच्या खोल्यांत तो दिसू लागला. जर्मनीतील ईमॅजिकच्या साउंडडायव्हरने हे काम अधिक नेटके केले. गिब्सनने १९९८मध्ये ओपकोड विकत घेतली आणि थोड्याच काळात तिच्या आज्ञावलींचा विकास थांबला. ॲपलने २००२मध्ये ईमॅजिक घेतली आणि साउंडडायव्हरही मागे पडला. संगणकांच्या पिढ्या बदलल्या. आज या आज्ञावली चालवायच्या तर तत्कालीन यंत्र जपून ठेवावे लागते. त्यांच्या खाजगी स्वरूपात साठवलेले संग्रह त्यांच्याबरोबरच बंदिस्त झाले.

डीएक्स-७ मात्र आतील विजेरी बदलली की आजही बोलतो आणि १९८३च्या संहिता आजही भरता येतात. याचे श्रेय संपादक आज्ञावलींना नाही. यामाहाने वाद्याबरोबर दिलेल्या पुस्तिकेत कोणता बाइट कशासाठी आहे याचा तक्ता छापला होता. ज्यांनी आपले ध्वनी कोणत्याही आज्ञावलीच्या वेष्टनाविना, तारेतून आले तसेच कच्च्या रूपात साठवले, त्यांचे ध्वनी टिकले. कोर्गच्या २०१६मधील व्होल्का एफएम या हातावर मावणाऱ्या वाद्यात ते भरता येतात. स्वतः यामाहाने माँटाज या वाद्यासाठी डीएक्स-७च्या जुन्या फाइलींचे रूपांतर करणारे साधन उपलब्ध करून दिले. ग्रंथपालांनी बांधलेली कपाटे मोडून पडली आणि उघड्यावर ठेवलेली पाने वाचली, असे या इतिहासाचे स्वरूप आहे. ज्ञानसंग्रहाची जबाबदारी असलेल्या कोणत्याही संस्थेने, मग तिचा संगीताशी संबंध असो वा नसो, यातील कारणपरंपरा ध्यानात घेण्याजोगी आहे. टिकून राहण्याला साधनाची सफाई उपयोगी पडली नाही. छापील तक्ता उपयोगी पडला.

दहा अक्षरे

टिकलेल्या या पानांवर काय लिहिले आहे? संचात प्रत्येक व्हॉइसला १२८ बाइट मिळतात. त्यांपैकी ११८ बाइटांत ध्वनीची सारी घडण घट्ट बांधून बसवलेली असते आणि उरलेले दहा नावासाठी असतात. दहा रोमन अक्षरे, त्याहून एक अधिक नाही. हार्प्सिकॉर्ड हे नाव क्रमांकासह त्यात मावत नाही, म्हणून कारखान्याच्या संचातच ते छाटून 'हार्प्सिच १' झाले आहे. पंचाच्या शिट्टीच्या नावातील काही अक्षरे गाळून ती कशीबशी बसवली आहे. कर्त्याच्या नावासाठी मात्र एकही बाइट नाही. दिनांकासाठी नाही, मूळ कशावरून घेतले यासाठी नाही. पाठाच्या स्वरूपातच कर्तृत्वाला जागा ठेवलेली नाही.

स्मृती महाग असण्याच्या काळात अभियंत्यांनी असा निर्णय घेतला यात आश्चर्य नाही. त्यांच्यापुढे वाद्य होते, ग्रंथालय नव्हते. संगणकीय संपादकांची गोष्ट वेगळी. त्यांच्यापाशी तबकडीवर जागा होती. ४,१०४ बाइटांच्या संचाशेजारी चार ओळींची टीप ठेवणे त्यांना जड नव्हते. काही आज्ञावलींनी शेरा लिहिण्याची, शब्दांनी वर्गवारी करण्याची सोय दिलीही. पण ती त्यांच्या खाजगी संग्रहापुरती. व्हॉइस तारेतून किंवा कच्च्या फाइलीतून बाहेर पडला की शेरा मागे राहिला. परिणाम असा की गेल्या चार दशकांत हातोहात पसरलेल्या संचांत तोच व्हॉइस वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळे व्हॉइस एकाच नावाने आढळतात. कोणी एक मूल्य बदलून नवे नाव दिलेले असते, कोणी काहीच न बदलता दिलेले असते. संग्राहक मंडळी आता आज्ञावलीच्या साहाय्याने नाव वगळून उरलेले बाइट ताडून पाहतात आणि जुळे व्हॉइस गाळतात. ही पाठचिकित्सेची पहिली पायरी आहे, पण पहिलीच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांना हे सांगण्याची गरज नाही की, पाठभेद गाळण्यासाठी नसतात, नोंदवण्यासाठी असतात. जुळे म्हणून टाकलेल्या व्हॉइसमध्ये एका मॉड्युलेटरची पातळी दोन अंकांनी वेगळी असेल तर तो भेद कोणाच्या तरी कानाचा निर्णय असू शकतो.

यावर एक आक्षेप संभवतो. व्हॉइस ही कृती नसून साधनाची मांडणी आहे. पेटीवादकाने कोणती पट्टी घेतली याला कोणी रचना म्हणत नाही, मग येथे कर्तृत्वाचा एवढा आग्रह कशाला? आक्षेप विचारार्ह आहे आणि साध्या व्हॉइसांबाबत तो बराचसा खराही आहे. 'ई. पियानो १'च्या बाबतीत तो टिकत नाही. चौदापट कंपनसंख्येचा मॉड्युलेटर क्षणात ओसरू देऊन काठीवर हातोडी पडल्याचा भास निर्माण करणे ही मांडणी नव्हे, ती सूझ आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्यावर आपले नाव घालतो आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. शिवाय कर्तृत्वाची नोंद ही केवळ श्रेयाची बाब नाही. एका ध्वनीवरून दुसरा कसा निघाला, कोणत्या प्रदेशात कोणते ध्वनी पसरले, कोणता फेरफार रुजला, हा इतिहास त्या नोंदीशिवाय लिहिताच येत नाही. अलीकडे हजारो डीएक्स-७ व्हॉइसांवर यंत्रशिक्षण देऊन नवे व्हॉइस निर्माण करणारी साधने आली आहेत. त्यांना पुरवलेल्या सामग्रीत आधीच कोणाचे नाव नव्हते. बाहेर पडणाऱ्या व्हॉइसांत ते असण्याचा प्रश्नच येत नाही.

कागदाने हे काम अधिक प्रामाणिकपणे केले होते, हे येथे नमूद करावे लागते. डीएक्स-७चा बारकाईने वापर करणारे ब्रायन इनो यांचे काही व्हॉइस 'कीबोर्ड' या अमेरिकी मासिकाने १९८७मध्ये आकड्यांच्या तक्त्यांच्या रूपात छापले. वाचकाने ते एकेक मूल्य करून वाद्यात हाताने भरायचे. काम कंटाळवाणे होते आणि चुका होण्याची शक्यता भरपूर होती. तथापि तक्त्याच्या माथ्यावर रचणाऱ्याचे नाव होते आणि भरणाऱ्याच्या बोटांखालून प्रत्येक आकडा जात असे. फाइलीने ते कष्ट वाचवले. त्या कष्टांबरोबर आकडे वाचण्याची सवयही गेली आणि नावही गेले.

कारखान्याचे मूळ व्हॉइस रचण्यात डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी ल्यूएनबर्गर यांचा मोठा वाटा होता. ब्रिस्टो यांनी पुढे १९८६मध्ये चौनिंग यांच्यासह एफएम संश्लेषणावर संगीतकारांसाठी ग्रंथही लिहिला. हे आज माहीत आहे ते मुलाखतींमुळे आणि ग्रंथांमुळे. 'ई. पियानो १' आजच्या कोणत्याही संपादकात उघडला तर सहा ऑपरेटर, सहा रेघा आणि पाचवा साचा दिसतो, आणि नावाच्या चौकटीत दहा अक्षरे.